प्रत्येक धर्मदिन हा ‘सण’ नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी दैनिकांमध्ये वर्षभर निरनिराळ्या धर्मांच्या विशेष दिवसांनिमित्त जो मजकूर छापला जातो, त्याविषयी एक तक्रार आणि एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तक्रार कोणा एका वृत्तपत्राविरुद्ध नाही, कारण चूक बहुतेकांची सारखीच आहे. गेल्या मोहरमच्या दहाव्या तारखेला माझ्या हाती आलेल्या एका दैनिकात ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ अशी ठळक चौकट होती आणि तिच्याभोवती झेंडूच्या तोरणाचे चित्र होते. ती पाहताच मला माझ्या शाळेतल्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेची आठवण झाली. त्या शिया होत्या, डोंगरीत राहत आणि मोहरमचे पहिले दहा दिवस काळ्या कपड्यांवाचून दुसरे काही घालत नसत. एका वर्षी शाळेत शिरता शिरता कोणीतरी त्यांना हसतमुखाने अशाच शुभेच्छा दिल्या. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत मात्र शांतपणे म्हणाल्या, “बाई, ज्या घरी माणूस गेलंय, त्या घरी तुमच्यात शुभेच्छा देतात का?” त्या शुभेच्छा देणारी मीच होते.

मोहरम हा हिजरी सनाचा पहिला महिना. त्याच्या दहाव्या दिवसाला आशुरा म्हणतात. हिजरी सन ६१ मध्ये, म्हणजे इसवी सन ६८० साली, याच दिवशी प्रेषित महंमदांचे नातू, हजरत अली आणि हजरत फातिमा यांचे पुत्र इमाम हुसेन हे आजच्या इराकमधील करबला येथे यझीदच्या सैन्याकडून मारले गेले. फुरात नदी जवळ असूनही त्यांच्या छावणीचे पाणी तोडण्यात आले होते, आणि त्या छावणीत लहान मुलेही होती. शिया मुसलमान दरवर्षी या दिवसांत मजलिसी, म्हणजे शोकसभा, भरवतात, करबलाची हकिगत ऐकतात, छाती पिटून मातम करतात, घरात लग्नकार्य काढत नाहीत. पुढे चाळिसाव्या दिवशी चेहलूम पाळला जातो. सुन्नी मुसलमानांमध्ये अनेकजण या सुमारास रोजा ठेवतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ताबूत बसतात आणि त्यांचे मानकरी हिंदू असतात, हे आपण अभिमानाने छापतो आणि ते छापावेही. पण रस्त्यावर सरबत वाटणारी जी सबील उभी राहते, ती तहानेने व्याकूळ झालेल्या त्या मुलांच्या आठवणीसाठी असते, एवढे एक वाक्य त्या छायाचित्राखाली आले तर वाचकाला ते सरबत वेगळ्या अर्थाने दिसेल.

मी १९८३ च्या जूनमध्ये भायखळ्याजवळच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवू लागले आणि २०१६ साली निवृत्त झाले. त्या भागात थोड्याशा अंतरात पारशी बाग, सिनेगॉग, चर्च, मशिदी, जैनांचे देरासर आणि बुद्धविहार सारे आहे. माझ्या वर्गात सर्व घरांतली मुले येत, आणि एखादे मूल आज का आले नाही, हे विचारता विचारता मला जितके कळले तितके पाठ्यपुस्तकातून कळले नव्हते. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे, की आपल्या छापील मजकुरातल्या चुका दुष्टाव्याने होत नाहीत. दुसऱ्याच्या धर्मातली प्रत्येक गोष्ट आपण आपल्या घरातल्या एखाद्या गोष्टीच्या नावाने ओळखू पाहतो, आणि जिथे तसे नाव जुळत नाही तिथेही ते ओढूनताणून बसवतो. धार्मिक दिवस म्हटला की तो सण, सण म्हटला की आनंद, आनंद म्हटला की शुभेच्छा, अशी ती साखळी आहे.

गुड फ्रायडेचे तेच. येशू ख्रिस्ताला क्रुसावर खिळले त्या दिवसाची ही आठवण आहे. मराठी ख्रिस्ती माणसे त्याला उत्तम शुक्रवार म्हणतात आणि त्या ‘उत्तम’मध्ये पावित्र्याचा अर्थ आहे, उत्सवाचा नाही. कॅथलिक चर्चमध्ये वर्षातल्या इतर दिवशी होणारी मिस्सा या दिवशी होत नाही. आदल्या दिवशी पवित्र केलेला ख्रिस्तप्रसादच भाविकांना दिला जातो. वेदीवरची वस्त्रे काढलेली असतात. गुरुवारच्या संध्याकाळपासून मुक्या झालेल्या घंटा शनिवारी रात्रीच्या जागरणविधीतच पुन्हा वाजतात. दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे ख्रिस्ताने प्राण सोडला त्या वेळेला, लोक प्रार्थनेसाठी जमतात आणि क्रुसाच्या वाटेवरचे एकेक ठिकाण आठवत चालतात. त्यानंतर येणारा ईस्टरचा रविवार हा पुनरुत्थानाचा, खऱ्या आनंदाचा दिवस, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने नाताळाहूनही मोठा. आपल्याकडे नाताळाला पानभर मजकूर, गुड फ्रायडेला शुभेच्छा आणि ईस्टरला चार ओळी असा क्रम असतो. मला वाटते, या क्रमामुळेच त्या धर्माचा गाभा वाचकापर्यंत पोहोचत नाही. ख्रिस्त जन्मला यापेक्षा तो मरण पावून पुन्हा उठला, या विश्वासावर ती सगळी इमारत उभी आहे.

पारशी समाजाच्या बाबतीत आपली चूक इतकी रुळली आहे, की ती चूक आहे हेच कोणाला आता वाटत नाही. पतेती म्हणजे पारशी नववर्ष, असे आपण छापतो. ‘पतेत’ या शब्दाचा अर्थ पश्चात्ताप. पतेती हा सरत्या वर्षाचा शेवटचा दिवस, केल्या चुकांची कबुली देण्याचा. नवे वर्ष दुसऱ्या दिवशी उजाडते. राज्य शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत ‘पारशी नववर्ष दिन (शहेनशाही)’ अशी नेमकी नोंद असते, पण त्याच दिवशीच्या बातमीत आपण पतेतीचा जल्लोष लिहितो. वर्षअखेरीचे ते दहा दिवस मुक्ताद म्हणून ओळखले जातात. त्या काळात दिवंगत आप्तांच्या नावाने चांदीच्या फुलदाण्यांत ताजी फुले ठेवून प्रार्थना करतात. माझ्या एका पारशी विद्यार्थिनीची आजी त्या दिवसांत रोज सकाळी फुले आणायला बाजारात जाताना दिसे, आणि ती कोणाशी फारसे बोलत नसे. हे वर्ष ऑगस्टमध्ये का येते, यालाही कारण आहे. शहेनशाही वर्ष नेमके ३६५ दिवसांचे, त्यात लीप वर्षाचा जादा दिवस धरत नाहीत, म्हणून ते दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकते. २०२३ मध्ये ते १६ ऑगस्टला होते, २०२४ मध्ये १५ ऑगस्टला आले. २१ मार्चचा जमशेदी नवरोज हा वेगळा दिवस, वसंतसंपाताचा.

त्याच मजकुरात ‘अग्निपूजक पारशी’ हे विशेषणही ठरलेले असते. पारशी अहुर मझ्दा या एकाच परमेश्वराला मानतात. अग्नी हे त्याच्या प्रकाशाचे आणि सत्याचे प्रतीक. त्याच्यासमोर प्रार्थना होते, त्याला चंदन वाहिले जाते, आणि उदवाड्याचा ‘इराणशाह’ अग्नी तर तिथे १७४२ पासून अखंड तेवत ठेवला आहे. तरीही देवाच्या ठिकाणी अग्नीला बसवणे हे त्यांना मान्य नाही. हुमत, हुख्त, हुवर्श्त, म्हणजे चांगला विचार, चांगला उच्चार, चांगले आचरण, ही त्यांची शिकवण. नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झालेले मूल सदरा (आतला पवित्र अंगरखा) आणि कस्ती (कमरेची पवित्र दोरी) घालते आणि कस्ती बांधताना दर वेळी प्रार्थना म्हणते. यातले एखादे वाक्य छापले तर धानसाक आणि रव्याच्या पाककृतीसाठी जागा कमी पडेल असे मला वाटत नाही.

दिनदर्शिकेचा विषय निघालाच आहे, तर रमजानविषयी लिहिते. इस्लामी वर्ष निखळ चांद्र आहे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. आपलेही महिने चंद्रावरच चालतात, पण आपण साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक महिना धरून सूर्याशी मेळ घालतो, आणि म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडालाच येते. यहुदी पंचांगातही एकोणीस वर्षांत सात वेळा जादा महिना धरतात. इस्लामने तसा महिना धरण्यास स्पष्ट मनाई केली. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून पुन्हा मूळ जागी पोहोचतो. मी नोकरीला लागले त्या १९८३ च्या जूनमध्ये रमजान चालू होता आणि शाळा उघडताच वर्गातली काही मुले रोजा ठेवून बसली होती. मी निवृत्त झाले त्या २०१६ च्या जूनमध्ये पुन्हा रमजान होता. माझ्या उभ्या नोकरीत त्याची एकच फेरी पूर्ण झाली. डिसेंबरातला बारा-साडेबारा तासांचा रोजा आणि मे-जूनमधला, उकाड्यातला, पाण्याच्या थेंबावाचूनचा पंधरा तासांच्या आसपासचा रोजा यांत किती अंतर आहे, हे मी त्या मुलांच्या ओठांवर पाहिले आहे. हा फिरता महिना का फिरतो, हे एकदा नीट समजावून सांगणारी चौकट कोणत्याही रमजानात छापता येईल. ‘यंदा रमजान लवकर आला’ असे दरवर्षी लिहिण्यापेक्षा ते बरे.

रोजा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत असतो, असेही आपल्याकडे छापले जाते. तो पहाटेच्या फज्रच्या वेळेपासून सुरू होतो, म्हणजे सूर्योदयाच्या तासाभराहून अधिक आधी. सहरी, म्हणजे पहाटेचे जेवण, त्यापूर्वी संपवावे लागते. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर स्त्री यांना सवलत आहे आणि राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात. ईदच्या नमाजापूर्वी फित्रा, म्हणजे गरिबांसाठीचे दान, द्यायचा असतो, जेणेकरून गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून देणे हे तर नमाज, रोजा आणि हज यांच्या बरोबरीचे कर्तव्य आहे, आणि पुष्कळ कुटुंबे ते रमजानातच पार पाडतात. आपल्या बातम्या मात्र मोहम्मद अली रोडवरच्या खाद्यपदार्थांपाशी सुरू होऊन तिथेच संपतात.

इथे ‘उपवास’ या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण शब्द एक असून प्रथा किती वेगळ्या आहेत हे त्यातून दिसते. आपल्या एकादशीला धान्य वर्ज्य, पण साबुदाणा, भगर, रताळे, शेंगदाणे चालतात. निर्जळी करणारे थोडे. जैनांच्या घरी उपवास म्हणजे अन्न पूर्ण बंद, आणि घ्यायचेच तर उकळलेले पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. चोविहार उपवासात पाणीसुद्धा नाही. पर्युषणात असे आठ उपवास सलग करणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले मी पाहिली आहेत. ख्रिस्ती उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि रविवार वगळून चाळीस दिवस मोजला जातो. त्यात अन्न पूर्ण सोडत नाहीत, पण मांस, मद्य किंवा एखादी आवडती वस्तू वर्ज्य करतात आणि दानधर्म वाढवतात. यहुद्यांचा योम किप्पुर हा प्रायश्चित्ताचा दिवस, सुमारे पंचवीस तास अन्नपाण्यावाचून. बौद्ध उपासक-उपासिका उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. शीख गुरूंनी उपवासाला महत्त्व दिले नाही. त्यांनी माणसाला पंगतीत बसवून जेवू घालण्याला महत्त्व दिले. आणि पारशी धर्मात तर उपाशी राहणे चांगले मानलेलेच नाही, कारण देह दुबळा झाला तर सत्कर्म कोण करणार. फक्त बहमन महिन्यात अनेक कुटुंबे मांसाहार टाळतात. ‘सर्वच धर्मांत उपवास सांगितला आहे’ असे वाक्य आरोग्यविषयक लेखांत हटकून येते. ते खरे नाही, आणि ज्या धर्मांत उपवास आहे त्यांतही त्याची कारणे एक नाहीत.

धर्मग्रंथांच्या बाबतीत ‘कुराण म्हणजे मुसलमानांची गीता’, ‘बायबल म्हणजे ख्रिश्चनांची गीता’ अशी वाक्ये मुलांच्या पुरवणीत वाचायला मिळतात. लिहिणाऱ्याच्या मनात आदर असतो, यात शंका नाही. पण मुसलमानांच्या श्रद्धेनुसार कुराण हे प्रेषितांनी रचलेले नसून सुमारे तेवीस वर्षांच्या काळात त्यांच्यावर अवतरलेले ईश्वराचे शब्द आहेत, आणि म्हणून अरबी मूळ पाठाला इतके मोल आहे. प्रेषित हे पूज्य देव नव्हेत. नमाज त्यांची नसते, फक्त अल्लाहची असते. बायबलचा जुना करार हा मुळात यहुद्यांचा धर्मग्रंथ, आणि नव्या करारातली चार शुभवर्तमाने म्हणजे ख्रिस्ताविषयी चौघांनी दिलेल्या साक्षी. तोरा ही यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळीच्या रूपात असते आणि ती जीर्ण झाली की माणसाप्रमाणे तिचे दफन करतात. गुरू ग्रंथसाहिब तर ग्रंथ असून गुरू आहे. १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाला दिले. तेव्हापासून पहाटे त्याचा प्रकाश होतो, म्हणजे तो विधिपूर्वक उघडतात, आणि रात्री त्याला सुखासनात, म्हणजे विश्रांतीसाठी, नेतात. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नांदेडची बातमी देताना मराठी वृत्तपत्राने ही गोष्ट विसरावी, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान हे तिन्ही धर्म अब्राहमला, म्हणजेच इब्राहिमला, आपला पूर्वज मानतात. बकरी ईद ज्या प्रसंगाची आठवण आहे, तो पुत्राचे बलिदान देण्यास निघालेल्या इब्राहिमचा प्रसंग बायबलमध्येही आहे. तिथे मुलगा इसहाक, मुस्लिम परंपरेत इस्माईल. हज यात्रेच्या काळातच ही ईद येते आणि कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करून एक घरी, एक नातलग-शेजाऱ्यांना आणि एक गरिबांना द्यावा असा प्रघात आहे. देवनारच्या बाजारातल्या बोकडाच्या किमतीची बातमी आपण दरवर्षी देतो. या वाट्यांविषयी क्वचितच लिहितो. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल समाजाचे, ज्यांना गावोगाव शनिवार तेली म्हणत, त्यांचे तर नावही आता छापून येत नाही. त्यांची मातृभाषा मराठी, आडनावे पेणकर, किहिमकर, दिवेकर अशी. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होई आणि तेलाचा घाणा शनिवार संध्याकाळपर्यंत बंद राही. नवस फेडताना ते एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे, गूळ किंवा साखर आणि फळे घालून मलिदा करतात. कोकणच्या मातीतून उगवलेला हा विधी जगातल्या इतर यहुद्यांत सापडत नाही.

बौद्ध धम्माबद्दलची चूक मी सर्वांत गंभीर मानते, कारण ती आपल्या राज्यात, लाखो लोकांनी जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयाविरुद्ध जाते. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी ‘विष्णूचा नववा अवतार’ हा उल्लेख अजूनही काही मजकुरांत येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे स्पष्टपणे नाकारले आहे. ज्याने ती प्रतिज्ञा घेतली, किंवा ज्याच्या आजोबांनी घेतली, त्याला त्याच्याच पौर्णिमेला हे वाचावे लागते. वैशाख पौर्णिमा ही थेरवादी परंपरेनुसार बुद्धांचा जन्म, बोधिप्राप्ती आणि महापरिनिर्वाण या तिन्हींची तिथी आहे. विहारात त्रिशरण आणि पंचशील म्हटले जाते, वंदना होते. वर देणाऱ्या देवाकडे काही मागणे नसते. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबवता येते आणि त्याचा मार्ग आहे, एवढ्या चार सत्यांवर आणि अष्टांगिक मार्गावर ही शिकवण उभी आहे. ६ डिसेंबरला अभिवादन असते, शुभेच्छा नसतात, हे तरी आता बहुतेकांना कळले आहे, आणि ते दादरला चैत्यभूमीवर येणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षे सांगून सांगून कळले आहे. मोहरम आणि गुड फ्रायडे यांबाबत तसे सांगणारे कमी आहेत, इतकाच फरक.

जैनांविषयी एकच सांगते. महावीर हे जैन धर्माचे संस्थापक नव्हेत, चोविसावे तीर्थंकर आहेत. त्यांच्या आधी पार्श्वनाथ होऊन गेले. श्वेतांबरांचे पर्युषण आठ दिवसांचे आणि संवत्सरीला संपणारे, दिगंबरांचे दशलक्षण पर्व त्यानंतर दहा दिवसांचे आणि अनंत चतुर्दशीपर्यंत चालणारे. सांगली-कोल्हापूरकडचे शेतकरी जैन बहुतांशी दिगंबर आहेत आणि तिकडे क्षमा मागताना ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. मुंबईच्या बातमीदाराने तिथेही श्वेतांबरांचे ‘मिच्छामि दुक्कडम्’ लिहिले की वाचणाऱ्याला ते परके वाटते.

आता कोणी म्हणेल, की इतरांचे सोडा, आपल्या धर्माचे तरी बरोबर छापले जाते ना. तेही नाही. गुढीपाडव्याला आपण सरसकट ‘हिंदू नववर्ष’ लिहितो. गुजराती कुटुंबाचे नवे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला लागते, बंगाली, तमिळ आणि पंजाबी घरांत ते एप्रिलच्या मध्यावर, सूर्याच्या गणनेने. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, म्हणून आपली श्रावण वद्य अष्टमी ही त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, आणि त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो. जन्माष्टमी मात्र दोघांची एकाच रात्री. हिंदूंना एक संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही, एक उपासना नाही. पंढरीची वारी करणारा माळकरी, कोकणात गावदेवाला कोंबडे देणारा शेतकरी आणि शृंगेरीच्या मठाशी नाते सांगणारे घराणे तिघेही हिंदूच असतात. ‘हिंदू धर्मात असे सांगितले आहे’ हे वाक्य लिहिताना कोणी, कुठे, हे विचारण्याची सवय आपल्याला लागली, तर दुसऱ्यांविषयी लिहितानाही लेखणी थोडी थांबेल.

संपादकांपुढे असलेल्या अडचणींची मला कल्पना आहे. रात्री उशिरा पान लागते, माणसे कमी असतात, चौकट मागच्या वर्षीचीच उचलली जाते. हेतू चांगला असताना एवढे काय मनावर घ्यायचे, असेही मला काहींनी ऐकवले आहे. माझे उत्तर असे, की क्रिकेटच्या धावफलकात एक धाव चुकली तर दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापली जाते. मग शेजाऱ्याच्या दुःखाच्या दिवसाला आनंदाचा दिवस म्हटल्याबद्दल ती का नसावी? चांगला हेतू तर माझाही होता, आणि तरी त्या बाई दिवसभर माझ्याशी नीट बोलू शकल्या नाहीत.

माझ्या विनंत्या मोजक्या आहेत. वर्षाच्या आरंभी सर्व धर्मांच्या विशेष दिवसांची एक यादी तयार करावी आणि प्रत्येक दिवसापुढे तो आनंदाचा, शोकाचा, प्रायश्चित्ताचा की स्मरणाचा, हे एका शब्दात नोंदवावे. ती यादी त्या त्या समाजातल्या मराठी वाचकाला एकदा दाखवावी. वसईत, नांदेडला, अलिबागेत, डोंगरीत असे वाचक आपले वर्गणीदार आहेत. ईदची तारीख चंद्रदर्शनावर अवलंबून आहे आणि दाऊदी बोहरा समाज ठरलेल्या गणितानुसार ती अनेकदा आधी पाळतो, हे तारखेशेजारी लिहावे. यहुदी आणि इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून ‘उद्या’ छापताना आदली संध्याकाळ ध्यानात घ्यावी. ईद-ए-मिलादला शुभेच्छा देताना हेही माहीत असावे, की त्याच तारखेला जुन्या दिनदर्शिका बारावफात म्हणत, कारण परंपरेने प्रेषितांचे निधनही बारा रबीउल अव्वललाच झाले असे मानतात, आणि काही मुसलमान तो दिवस साजरा करत नाहीत. मिस्सा, मजलिस, वंदना, कस्ती, अरदास (शिखांची प्रार्थना) हे शब्द मराठी माणसेच रोज बोलतात. त्यांच्या जागी सगळीकडे ‘पूजाअर्चा’ घालू नये.

अशी यादी करण्यास मनुष्यबळ नसेल, तर निवृत्त शिक्षिका म्हणून माझ्याकडे वेळ आहे, आणि माझे जुने विद्यार्थी या सर्व घरांत आहेत. येत्या ऑगस्टपूर्वी ती यादी आपल्या हाती देण्याची माझी तयारी आहे, म्हणजे निदान या वर्षी पतेती आणि नववर्ष हे दोन दिवस आपल्या अंकात वेगवेगळ्या तारखांना छापले जातील.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
मुंबई